खरं-खोटं ओळखणारी ज्येष्ठ मंडळी खोटे मेसेज पुढे का पाठवतात?

वय झालं की माणसाला काहीही खरं वाटतं, असा एक सरसकट समज आहे. घरच्या ग्रुपवर वडिलांचा किंवा मावशीचा एखादा भलताच मेसेज येऊन पडला की तरुण मंडळी आपसात हसतात आणि विषय तिथेच संपतो. हा समज चुकीचा तर आहेच, पण त्याने नुकसानही होतं. ज्याला आपण मुळातच भोळसट ठरवून टाकलं, त्याच्याशी बसून बोलायच्या भानगडीत आपण पडत नाही.

आधी आकडे बघू. २०१६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या काळात खोट्या बातम्या छापणाऱ्या साइटवरचे लेख फेसबुकवर कोणी कोणी शेअर केले, याचा अभ्यास अँड्र्यू गेस, जोनाथन नॅग्लर आणि जोशुआ टकर या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ६५ वर्षांवरच्या लोकांनी असे लेख सगळ्यात तरुण गटाच्या जवळजवळ सातपट शेअर केले होते. शिक्षण आणि राजकीय कल जमेस धरला तरी वयाचा फरक उरतच होता. हा सातपटीचा आकडा जगभर गाजला. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र फारसा कोणी सांगत नाही. ६५ वर्षांवरच्यांपैकी असा एक तरी लेख शेअर करणारे होते फक्त ११ टक्के. म्हणजे दहातल्या जवळजवळ नऊ ज्येष्ठांनी एकही खोटा लेख पुढे ढकलला नव्हता.

आता दुसरी बाजू. केंब्रिज विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी बातम्यांच्या २० मथळ्यांची एक चाचणी तयार केली. मथळा वाचायचा आणि खरा की खोटा एवढंच सांगायचं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे दीड हजार प्रौढांना ती दिली गेली. १८ ते २९ वयाच्या फक्त ११ टक्के लोकांना चांगले गुण मिळाले. ६५ आणि त्यापुढच्या गटात हेच प्रमाण ३६ टक्के होतं. अगदी कमी गुण मिळवणारे तरुणांत ३६ टक्के होते, ज्येष्ठांत ९ टक्के.

म्हणजे विचारलं तर ज्येष्ठांना खरं-खोटं तरुणांपेक्षा चांगलं ओळखता येतं, आणि तरीही खोट्या मजकुराचा मोठा वाटा त्यांच्याच वयोगटातून पुढे जातो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? मला वाटतं, या सगळ्या विषयाची किल्ली या प्रश्नात आहे.

चाचणीतला प्रश्न आणि फोनवरचा प्रश्न

चाचणीत तुम्हाला कोणीतरी विचारतं, ‘हे खरं आहे का?’ फोनवर हा प्रश्न कोणीच विचारत नाही. तिथे मेसेज येतो आणि मनात उमटतं ते भलतंच: हे कोणाच्या उपयोगी पडेल? ताईला पाठवू का? तिला मागच्या वर्षीच त्रास झाला होता.

गॉर्डन पेनीकुक आणि डेव्हिड रँड या संशोधकांनी सर्वच वयाच्या लोकांवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं. लोकांना खोटं ओळखता येत नाही असं नव्हतं. शेअर करताना खरेपणाचा विचारच त्यांच्या डोक्यात नसायचा. मध्येच कुठल्या तरी वेगळ्याच मथळ्याविषयी ‘हा खरा असेल का?’ एवढं विचारलं, तरी त्यानंतर खोटा मजकूर शेअर करण्याचं प्रमाण कमी व्हायचं.

ज्येष्ठांच्या बाबतीत या ‘कोणाला पाठवू?’ला जास्त वजन येतं. निवृत्तीनंतर रोजची माणसं कमी होतात. मुलं लांब असतात, जुने सहकारी फोनवरच भेटतात. अशा वेळी मेसेज पाठवणं म्हणजे ‘मी आहे, मला तुझी आठवण आहे’ असं सांगणं असतं. लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षं हे मांडलं आहे की पुढचा काळ थोडा उरला आहे याची जाणीव झाली की माणूस नवी माहिती गोळा करण्यापेक्षा जिव्हाळ्याच्या नात्यांकडे जास्त वळतो. मग मेसेजमधली माहिती दुय्यम ठरते आणि मेसेज पाठवणं हेच मुख्य काम होऊन बसतं. खोटा मजकूर तयार करणाऱ्यांना हे पुरतं ठाऊक असतं. काळजी करणाऱ्या माणसाच्या खांद्यावर बसून तो मजकूर गावभर फिरतो.

इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. मजकूर घडवणारा कोणीतरी मुद्दाम, पैशासाठी किंवा राजकारणासाठी खोटं रचतो. तो पुढे पाठवणारी आई मात्र ते खरं समजून, चांगल्या मनाने पाठवते. दोघांनाही एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे.

एक मेसेज जवळून

‘तुम्ही घरी एकटे आहात. अचानक छातीत कळ येते, हात दुखू लागतो. शुद्ध हरपायला तुमच्याकडे फक्त १० सेकंद आहेत. घाबरू नका. खोल श्वास घ्या आणि जोरजोराने खोकत राहा. हा मेसेज १० जणांना पाठवा, निदान एक जीव वाचेल.’

हा मजकूर १९९९ पासून फिरतोय. आधी ईमेलने फिरायचा, आता व्हॉट्सॲपवर. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर जनरल हॉस्पिटलचं नाव त्याला चिकटवलेलं होतं. आमचा या मजकुराशी संबंध नाही, असं त्या हॉस्पिटलला जाहीर सांगावं लागलं. मजकूर थांबला नाही. कितीतरी भाषांत तो पोचला आहे.

यात नक्की काय खोटं आहे ते नीट बघण्यासारखं आहे, कारण चांगला रचलेला खोटा मजकूर कधीच शंभर टक्के खोटा नसतो. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नस तुंबते. हृदय बहुतेक वेळा धडधडत असतंच. खोकून ती नस मोकळी होत नाही. हृदय एकाएकी बंद पडणं ही वेगळी घटना आहे. त्यात मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. बेशुद्ध माणूस खोकणार कसा? मेसेजमध्ये या दोन गोष्टींची सरमिसळ केलेली आहे. खरेपणाचा अंश एवढाच की हॉस्पिटलमध्ये, मॉनिटर लावलेला असताना, हृदयाचे ठोके अचानक बिघडले आणि रुग्ण शुद्धीत असला तर डॉक्टर कधी कधी त्याला जोरात खोकायला सांगतात. थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात ते पुढचे उपचार करतात. घरी एकट्या माणसाने हे करावं, असं अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगत नाही. सामान्य लोकांना हे शिकवूही नये असंच तिचं म्हणणं आहे. घरी पहिलं काम म्हणजे ताबडतोब ॲम्ब्युलन्सला फोन करणं. खोकण्यात गेलेला वेळ या फोनच्या वेळेतून जातो. या मेसेजचा खरा धोका तो आहे.

आणि रचना बघा. भीती आहे, लगेच करता येईल असा उपाय आहे, मोठ्या हॉस्पिटलचं नाव आहे, आणि शेवटी पुढे पाठवण्याची विनंती आहे तीही पुण्य पदरात पडेल अशा शब्दांत. कुठेही पैसे मागितलेले नाहीत. ‘यात कोणाचा काय फायदा?’ असं वाटून सावध माणूसही ढिला पडतो.

‘हे मी कुठेतरी वाचलंय’

आता स्मृतीकडे येऊ, कारण वयाचा खरा परिणाम इथे होतो.

एखादी गोष्ट ओळखीची वाटणं आणि ती कुठे, कधी, कोणाकडून कळली हे आठवणं, ही स्मृतीची दोन वेगवेगळी कामं आहेत. पहिलं काम म्हातारपणीही बऱ्यापैकी शाबूत राहतं. दुसरं मात्र वयानुसार कमकुवत होत जातं, अगदी निरोगी माणसांतसुद्धा. लॅरी जॅकोबी यांच्या १९९९ च्या प्रयोगात लोकांना काही शब्द वाचायला दिले, त्यातले काही पुन्हा पुन्हा. मग दुसरी यादी ऐकवली आणि सांगितलं, फक्त ऐकलेले शब्द ओळखा. वाचलेला शब्द जितक्या जास्त वेळा आला असेल तितका तो तरुणांना नेमका आठवायचा आणि ते तो सहज बाजूला काढायचे. ज्येष्ठांचं उलट व्हायचं. शब्द जितका परिचयाचा, तितकी चुकून ‘हो, हा ऐकला होता’ म्हणण्याची शक्यता जास्त.

त्यात भर म्हणजे परिचयाचं ते खरं वाटणं ही सगळ्याच माणसांची खोड आहे. १९७७ मध्ये लिन हॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर प्रयोग करून दाखवलं की तीच विधानं काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा ऐकवली की ती जास्त खरी वाटू लागतात. तेव्हा हा दोष काही वयाबरोबर येत नाही. पण तरुण माणसाला ‘अरे हो, हे त्या फालतू साइटवर वाचलं होतं’ असं आठवतं आणि त्यामुळे तो सावरतो. साठी-सत्तरीनंतर साइट विसरली जाते, वाक्य तेवढं मागे उरतं.

इयान स्कर्निक आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आरोग्याविषयीच्या विधानांवर केलेला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘हे विधान खोटं आहे’ असं लोकांना स्पष्ट सांगितलं होतं, काही विधानांबाबत एकदा, काहींबाबत तीनदा. लगेच विचारलं तर तीनदा सांगितल्याचा ज्येष्ठांना फायदा झालेला दिसला. तीन दिवसांनी विचारलं तेव्हा मात्र तीनदा ‘खोटं’ म्हणून सांगितलेली विधानंच त्यांना खरी म्हणून जास्त आठवली. विधान ओळखीचं झालं होतं आणि ‘खोटं’ हा शेरा गळून पडला होता. नंतरच्या अभ्यासांत इतका उलटा परिणाम दरवेळी दिसलेला नाही, म्हणून ‘खोडून काढूच नका’ असा अर्थ कोणी काढू नये. पण २०१७ मध्ये ब्रियोनी स्वायर, उलरिख एकर आणि स्टीफन लेवांडोव्स्की यांनी केलेल्या कामात हे पुन्हा दिसलं की दुरुस्ती ऐकल्यावर ६५ वर्षांवरच्यांचं मतही बदलतं, फक्त काही आठवड्यांत ते तरुणांपेक्षा जास्त प्रमाणात मूळ पदावर येतं. ‘सांगितलं होतं ना तुम्हाला!’ म्हणून चिडणाऱ्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने हे वाचायला हवं. तुमचं ऐकलं होतं, पटलंही होतं. ते टिकलं नाही, एवढंच.

याची दुसरी बाजू फार आशादायक आहे. नादिया ब्राशियर यांच्या अभ्यासात असं दिसलं की ज्या विषयाचं ज्ञान आधीच पक्कं आहे, तिथे चुकीचं वाक्य कितीही ओळखीचं झालं तरी ज्येष्ठ फसत नाहीत. तरुण मात्र माहीत असलेल्या गोष्टीतही पुनरावृत्तीला बळी पडतात. आयुष्यभराचा साठा कामाला येतो तो असा. चाचणीतल्या चांगल्या गुणांमागेही हे एक कारण असावं. अडचण येते ती जिथे साठाच नाही तिथे: नवा आजार, नवं औषध, नवं तंत्रज्ञान. २०२० च्या सुरुवातीला कोविड आला तेव्हा जुना अनुभव कोणाच्याच उपयोगाचा नव्हता, आणि जागतिक आरोग्य संघटनेला रोगाच्या साथीबरोबर माहितीच्या साथीविषयीही इशारा द्यावा लागला.

छापलेलं म्हणजे तपासलेलं

आज सत्तरीत असलेली माणसं ज्या काळात वाढली त्या काळात एखादी गोष्ट छापून यायची किंवा रेडिओवर यायची, तर तिच्यामागे संपादक असायचा, वार्ताहर असायचा, चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा यायचा. चुका आणि पक्षपात तेव्हाही होते, पण मजकूर आणि वाचक यांच्यामध्ये एक चाळण होती. नीटनेटका मजकूर म्हणजे जबाबदार मजकूर, हा धडा त्यांनी अनुभवातून घेतला आणि तो तेव्हा बरोबरही होता. आज फोनवर कोणीही, कुठल्याही वृत्तवाहिनीसारखी दिसणारी पट्टी लावून काहीही टाकू शकतो. जाहिरात आणि बातमी एकाच रांगेत, एकाच अक्षरात दिसतात. सर्च केल्यावर सगळ्यात वर आलेलं ते सगळ्यात खरं नसतं, कित्येकदा ती जाहिरात असते. हे कोणी कधी समजावूनच सांगितलं नाही, तर माणसाला कळावं कसं?

काही जणांच्या बाबतीत राजकीय निष्ठाही असते, हेही सांगायला हवं. खोटा मजकूर नक्की कोण शेअर करतं हे ज्यांनी शोधलं, त्यांना वारंवार असं दिसलं आहे की अगदी मोजके लोकच बहुतेक सगळा खोटा मजकूर पसरवतात. २०१६ च्याच निवडणुकीत ट्विटरवर खोट्या स्रोतांवरून झालेल्या शेअरिंगपैकी जवळपास ८० टक्के हे ०.१ टक्के लोकांनी केलेलं होतं. अशा कट्टर माणसाला स्मृतीचे किंवा तंत्राचे धडे देऊन फारसा उपयोग होत नाही. त्याला आपली बाजू जिंकायला हवी असते. पण तुमचे वडील त्या ०.१ टक्क्यात आहेत असं पटकन ठरवू नका.

मग करायचं काय

तुम्ही स्वतः साठीच्या पुढे असाल तर एक सवय इतर सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगाची आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, हुशार विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्ट-चेकर (म्हणजे बातम्यांतले दावे तपासणारे) अशा तिन्ही गटांना अनोळखी वेबसाइट तपासायला दिल्या. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्या साइटवरच रेंगाळले. भाषा कशी आहे, मांडणी कशी आहे, लोगो आहे का, हे बघत बसले आणि बरेचदा फसले. फॅक्ट-चेकर मात्र काही क्षणांत त्या पानावरून बाहेर पडले, नवं पान उघडलं आणि या साइटविषयी इतर लोक काय म्हणतात ते शोधलं. पीएचडी असलेली माणसं जिथे चकली, तिथे ही साधी सवय कामाला आली.

फोनवर हे असं करायचं: मेसेज पुन्हा पुन्हा वाचून ‘खरा वाटतो का’ याचा विचार करत बसू नका. त्यातला मुख्य दावा चार-पाच शब्दांत सर्चमध्ये टाका, वर सांगितलेल्या मेसेजसाठी ‘हार्ट अटॅक खोकणे खरं की खोटं’ एवढं पुरे. फोटो असेल तर गुगल लेन्सने, म्हणजे फोटोवरून शोध घेणाऱ्या गुगलच्या सोयीने, तोच फोटो आधी कुठे वापरला गेलाय ते बघा. कितीतरी ‘आजचे’ फोटो पाच-दहा वर्षांपूर्वीचे निघतात. व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर दुहेरी बाण दिसला तर तो मेसेज पाच किंवा त्याहून जास्त हातांतून फिरत आलेला असतो. पाठवणारी बहीण विश्वासाची असेल, पण मजकूर बहिणीचा नसतो. आणि शोधायचा कंटाळा आला असेल तर पाठवू नका. न पाठवलेल्या मेसेजने कोणाचं काही बिघडत नाही.

हे शिकता येतं का? येतं. रायन मूर आणि जेफ्री हॅनकॉक यांनी २०२२ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या एका मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमाचा परिणाम तपासला. अभ्यासक्रमाआधी त्यांना ६४ टक्के मथळे अचूक ओळखता येत होते, नंतर ८५ टक्के. अभ्यासक्रम न केलेल्या गटात असा फरक पडला नाही.

तुम्ही मुलगा, मुलगी, सून, नातू असाल तर ग्रुपवर सगळ्यांदेखत ‘हे फेक आहे’ असं लिहू नका. चारचौघांत पाणउतारा झाला की माणूस मुद्दा विसरतो आणि अपमान लक्षात ठेवतो. फोन करा. आणि बोलताना खरी गोष्ट आधी सांगा, खोटी गोष्ट एकदाच आणि शेवट पुन्हा खऱ्या गोष्टीने करा. पुढे ‘खोटं’ हा शेरा गळून पडणार असेल, तर मागे उरणारं वाक्य तरी खरं असू द्या.

‘बाबा, छातीत दुखलं तर आधी ॲम्ब्युलन्सला फोन करायचा, मग मला. नंबर पहिल्या पानावर टाकून देऊ का?’

‘अगं, पण त्यात खोकायला सांगितलंय. डॉक्टरांचं नाव आहे खाली.’

‘हॉस्पिटलमध्ये डॉक्टर समोर असताना कधी कधी सांगतात तसं. घरी त्याने नस उघडत नाही. हार्ट अटॅकमध्ये एकेक मिनिट महत्त्वाचं असतं, म्हणून आधी फोन.’

‘मग मी त्या शिंदेंना पाठवलाय तो.’

‘मग त्यांनाही हेच कळवा ना, आधी फोन करायचा म्हणून. त्यांना तुमच्याकडूनच पटेल.’

या संभाषणात ‘खोटं’ हा शब्दसुद्धा आलेला नाही, आणि वडिलांना दुसऱ्याची काळजी घ्यायची होती ती इच्छाही शाबूत राहिली आहे. दोन-तीन आठवड्यांनी सहज पुन्हा विषय काढा. एकदा सांगून भागत नाही हे आता माहीत आहे, तेव्हा चिडायचं कारण नाही.

पैसे मागणाऱ्या फोनसाठी मात्र यातलं काहीच पुरत नाही. आता काही सेकंदांच्या ध्वनिमुद्रणावरून कोणाच्याही आवाजाची नक्कल करता येते, आणि ‘आजी, मी अडचणीत आहे, लगेच पैसे पाठव’ असा हुबेहूब नातवाच्या आवाजातला फोन येऊ शकतो. आवाज ओळखून खात्री करण्याचे दिवस गेले. घरात सगळ्यांनी मिळून एक शब्द ठरवून ठेवा, जो कुठेही लिहिलेला नसेल. फोनवर तो विचारायचा. नाही सांगता आला तर फोन ठेवून नातवाच्या नेहमीच्या नंबरवर आपण लावायचा.

आणि एखादा खोटा मेसेज आधीच पाठवून झाला असेल तर? व्हॉट्सॲपवर तो सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, पण ठरावीक मुदतीतच, आणि लोकांनी तोवर पुढे पाठवलेल्या प्रती तशाच राहतात. म्हणून नुसतं डिलीट करून थांबू नका. त्याच ग्रुपवर, त्याच माणसांसाठी दोन ओळी लिहा: खरं काय आहे ते आधी, आणि मघाचा मेसेज पुढे पाठवू नका हे नंतर. त्या ग्रुपमधलं कोणी आजारी असेल आणि मेसेजप्रमाणे काही करून बसेल अशी शंका असेल, तर त्याला फोनच करा.